गडामागचा मोठा चंद्र : लेन्स, अंतर आणि जागेचा हिशेब

कोजागरी आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास शिखरामागे किंवा बुरुजामागे उगवलेल्या भल्यामोठ्या चंद्राची छायाचित्रे दरवर्षी फिरू लागतात आणि त्यांच्यामागोमाग तोच वाद सुरू होतो. काहींच्या मते ही सगळी मोठ्या लेन्सची करामत असते, काहींच्या मते लेन्सने काहीच होत नाही, जे होते ते अंतराने होते, तर उरलेल्यांना चंद्र मागाहून चिकटवलेलाच वाटतो. वाद राहू द्या. पण पहिल्या मतावर भरवसा ठेवून अनेक जण महागडी लेन्स भाड्याने आणतात, देवळाच्या आवारातच ट्रायपॉड लावतात आणि प्रचंड कळसाशेजारी वाटाण्याएवढा चंद्र घेऊन घरी येतात. पैसे जातात आणि वर्षातली चांगली पौर्णिमाही हातची जाते.

चूक बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असते. आधी लेन्स, मग तारीख आणि शेवटी जागा असा उलटा क्रम लावला की काहीच जुळत नाही. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

टप्पा १ : लेन्सचे काम आणि अंतराचे काम वेगळे ओळखा

छायाचित्रातील चंद्राच्या आकाराबद्दल बोलताना आपण दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. पहिली गोष्ट म्हणजे चौकटीच्या तुलनेत चंद्र किती मोठा आला. ती लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर मि.मी.मध्ये लिहिलेला आकडा, ठरवते. दुसरी म्हणजे समोरच्या देवळाच्या, मनोऱ्याच्या किंवा माणसाच्या तुलनेत चंद्र किती मोठा आला; ती केवळ आपण त्या वस्तूपासून किती लांब उभे आहोत यावर ठरते. या दुसऱ्या गोष्टीत लेन्सचा काडीचाही वाटा नाही.

याचे कारण साधे आहे. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. आपण देवळापासून दोन किलोमीटर मागे सरकलो तर देऊळ लहान दिसू लागते, पण चंद्राच्या दृष्टीने ते दोन किलोमीटर नगण्य असल्यामुळे तो होता तेवढाच राहतो. देऊळ आक्रसते, चंद्र आक्रसत नाही आणि म्हणून त्यांचे प्रमाण बदलते. लांबची लेन्स एवढेच करते की आक्रसलेले देऊळ आणि न आक्रसलेला चंद्र या दोघांना एकाच पटीने मोठे करून चौकटीत बसवते. ‘टेलिफोटो लेन्स मागचे दृश्य पुढे ओढते’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात ती ओढत नाही, आपण मागे गेल्याचा परिणाम ती फक्त दाखवते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी दिवसाउजेडी एक प्रयोग करून पाहावा. शंभर पावलांवरचा विजेचा खांब आणि त्याच्या बऱ्याच मागे असलेली पाण्याची टाकी एका ओळीत येतील अशी जागा धरा. तिथून न हलता झूम लेन्सने ७० मि.मी. आणि ३०० मि.मी. अशी दोन छायाचित्रे घ्या. संगणकावर पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याएवढा करा. बारकावे कमी असतील, पण खांब आणि टाकी यांचे प्रमाण दोन्हींत तंतोतंत सारखे असेल. आता त्याच रेषेवर आणखी दोनशे पावले मागे जा आणि पुन्हा ३०० मि.मी.ने छायाचित्र घ्या. या वेळी मात्र खांबाच्या मानाने टाकी वाढलेली दिसेल.

*तपासणी :* वरच्या प्रयोगातील तिसऱ्या छायाचित्रात प्रमाण का बदलले, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका. बाकीचा सगळा हिशेब याच गोष्टीवर उभा आहे.

क्षितिजावरचा चंद्र डोळ्यांना मोठा वाटतो, हाही गोंधळ याच ठिकाणी मिटवावा. तो दृष्टिभ्रम आहे. क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा अधिक दूर असतो, त्यामुळे खरे तर तो दीड टक्क्याने लहान भरतो. शिवाय हवेतील वक्रीभवनामुळे तो उभ्या दिशेने थोडा चेपलेला दिसतो. कॅमेऱ्याला भ्रम होत नाही. म्हणूनच डोळ्यांना परातीएवढा दिसलेला चंद्र फोनच्या छायाचित्रात ठिपका होऊन येतो.

टप्पा २ : एकशे दहाचा हिशेब

चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. सरासरी अंतराला या व्यासाने भागले की उत्तर जवळपास ११० येते. म्हणजे चंद्र स्वतःच्या व्यासाच्या ११० पट दूर आहे आणि आकाशात तो सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो. हा एकच आकडा लक्षात ठेवला तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात.

पहिला उपयोग लेन्सचा. फोकल लेंग्थला ११० ने भागा. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळेल. ५० मि.मी.च्या लेन्सने तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी येतो, २०० मि.मी.ने सुमारे १.८, ४०० ने ३.६ आणि ६०० ने ५.४ मिलिमीटर. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या आकाराच्या, सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते हे लक्षात घेतले, तर आडव्या चौकटीत ६०० मि.मी.चा चंद्रही उंचीच्या पावभागाहून थोडा कमीच भरतो. एपीएस-सी हा त्याहून लहान (‘क्रॉप’) सेन्सर असेल तर प्रतिमा तेवढ्याच ५.४ मिलिमीटरची पडते, पण सेन्सरच साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास उंच असल्यामुळे तीच उंचीचा तिसरा हिस्सा व्यापते. ‘क्रॉप सेन्सरवर लेन्स लांब होते’ या समजुतीचा अर्थ एवढाच आहे.

दुसरा उपयोग अंतराचा आणि तो अधिक मोलाचा आहे. समोरच्या वस्तूच्या उंचीला ११० ने गुणा. तेवढ्या अंतरावरून ती वस्तू आणि चंद्र अगदी सारख्या उंचीचे दिसतील. १५ मीटर उंचीचे शिखर असेल तर १,६५० मीटर. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस असेल तर सुमारे १९० मीटर. चंद्र शिखराच्या दुप्पट हवा असेल तर अंतरही दुप्पट, म्हणजे ३,३०० मीटर. आणि निम्मा चालणार असेल तर ८२५ मीटर.

आता दोन्ही एकत्र करा. १५ मीटरच्या शिखरासमोर १,६५० मीटरवर ४०० मि.मी.ची लेन्स घेऊन उभे राहिलात, तर शिखर आणि चंद्र दोन्ही ३.६ मिलिमीटरचे येतील. शिखर तेवढेच ठेवून चंद्र दुप्पट करायचा असेल तर ३,३०० मीटरवर जाऊन ८०० मि.मी.ची लेन्स लागेल. अंतर वाढवले की लेन्सही त्याच पटीने वाढवावी लागते, या अर्थाने वादातल्या दोन्ही बाजूंना आपापला आधार आहे. पण आधी अंतर ठरते आणि मग लेन्स, हे विसरता कामा नये.

*सावधान :* ‘सुपरमून’च्या बातम्यांवर बेत आखू नका. चंद्राचे अंतर साधारण ३,५६,५०० ते ४,०६,७०० किलोमीटर यांच्या दरम्यान बदलते आणि त्यामुळे सर्वांत मोठा व सर्वांत लहान चंद्र यांच्या व्यासात सुमारे १४ टक्के फरक पडतो. तेवढाच परिणाम १,६५० मीटरऐवजी १,९०० मीटरवर उभे राहूनही मिळतो.

टप्पा ३ : दिशा जुळते का, हे तारखेआधी पाहा

हा टप्पा गाळल्यामुळे सर्वाधिक बेत फसतात. चंद्र पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो हे खरे असले, तरी तो नेमका कुठे उगवेल याला मर्यादा आहेत. महाराष्ट्राच्या अक्षांशावर, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने अंश मोजले तर चंद्रोदय फार तर ६० ते १२० अंशांच्या दरम्यान आणि चंद्रास्त २४० ते ३०० अंशांच्या दरम्यान होतो. हा पल्लाही कायम नसतो. सुमारे १८.६ वर्षांच्या चक्रात तो कमी-जास्त होतो. २०२४-२५ मध्ये तो सर्वांत रुंद होता आणि पुढील काही वर्षांत अरुंद होत जाऊन चंद्रोदयासाठी जवळपास ७१ ते १०९ अंशांवर येईल.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. शनिवारवाड्याच्या परिसरातून सिंहगड नैऋत्येला, साधारण २१० अंशांवर येतो. त्या दिशेला चंद्र येतो तेव्हा तो आकाशात बराच वर असतो. क्षितिजालगत तो तिथे कधीच नसतो. म्हणजे पुण्याच्या मध्यभागातील कोणत्याही गच्चीवरून, कोणत्याही महिन्यात, कितीही मोठ्या लेन्सने सिंहगडामागे मावळणारा चंद्र टिपता येणार नाही. त्यासाठी गडाच्या पूर्वेला जावे लागते. खेड शिवापूरच्या बाजूने गड पश्चिमेकडे, किंचित वायव्येला दिसतो आणि ती दिशा चंद्रास्ताच्या पल्ल्यात बसते.

ऋतूचाही विचार येथेच करावा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असताना पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. उन्हाळ्यात याच्या उलट, आग्नेय ते नैऋत्य. त्यामुळे खेड शिवापूरच्या बाजूने सिंहगडावरचा चंद्रास्त हवा असेल तर मार्गशीर्ष-पौषाच्या आसपासच्या पौर्णिमा पाहाव्यात. वैशाखातली पौर्णिमा त्या जागेवरून उपयोगाची नाही.

*तपासणी :* नकाशावर आपली जागा आणि विषय (म्हणजे टिपायचा गड, देऊळ किंवा मनोरा) यांना जोडणारी रेषा काढून तिचे अंश मोजा. ते वरच्या पल्ल्याबाहेर असतील तर जागा बदला. तारखा शोधत बसू नका.

टप्पा ४ : दिवस आणि वेळ

दिनदर्शिकेवर ज्या चौकोनात पौर्णिमा छापली आहे त्याच संध्याकाळी जावे, असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. तिथी सूर्योदयावरून लावली जाते. पौर्णिमा सकाळीच संपून गेली असेल तर त्या संध्याकाळी चंद्र प्रत्यक्षात प्रतिपदेचा असतो आणि सूर्यास्तानंतर बराच अंधार पडल्यावर उगवतो. अशा वेळी चंद्र पांढराफटक आणि समोरचे देऊळ काळेठिक्कर येते.

आपल्याला हवी असलेली वेळ सूर्यास्ताच्या आगेमागे सुमारे वीस मिनिटांत बसते. तेव्हा आकाशात निळसर उजेड असतो आणि चंद्र व जमीन दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे उजेडाच्या एकाच मापात, सामावतात. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतो, म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, तो सूर्यास्ताच्या बराच आधी होतो आणि चंद्र थोडा वर आल्यावर ही वेळ सापडते. उंच डोंगरामागून चंद्र येणार असेल तर चतुर्दशीच अधिक सोयीची. क्षितिज मोकळे असेल तर पौर्णिमेची संध्याकाळ. चंद्रास्तासाठी हेच उलट धरावे, म्हणजे पौर्णिमेची किंवा त्यानंतरची पहाट.

पंचांगातील किंवा अ‍ॅपमधील चंद्रोदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते. डोंगर असेल तर तिच्यात बदल करावा लागतो आणि बदल फक्त वेळेत होत नाही, दिशेतही होतो. आपल्या अक्षांशावर चंद्र सरळ उभा चढत नाही. तो उभ्या रेषेपासून सुमारे वीस अंश उजवीकडे कललेल्या वाटेने चढतो. मावळताना पश्चिमेकडे तोंड केले तर तो खाली येता येता उजवीकडेच सरकतो.

खेड शिवापूरच्या उदाहरणावर हे मोजून पाहू. गड दहा किलोमीटरवर आणि माथा आपल्यापासून सुमारे ६०० मीटर उंच धरला तर तो डोळ्यांना सव्वातीन ते साडेतीन अंश वर दिसतो. तेवढे अंतर उतरायला चंद्राला सुमारे पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे छापील चंद्रास्ताच्या पंधरा मिनिटे आधीच चंद्र गडाआड जातो. आणि त्या क्षणी तो छापील अस्तबिंदूच्या सव्वा अंश डावीकडे असतो. सव्वा अंश म्हणजे दोन-अडीच चंद्र. दहा किलोमीटरवर त्याचा अर्थ असा की आपण उभे राहण्याची जागा दोनशे मीटरहून अधिक चुकली. अस्ताचे अंश पाहून थेट रेषा काढणारे बहुतेक जण नेमके येथे फसतात.

टप्पा ५ : जागेची पाहणी

फोटोपिल्स, द फोटोग्राफर्स इफेमेरिस किंवा स्टेलॅरियम यांपैकी चंद्राची जागा दाखवणारे कोणतेही साधन (फोन किंवा संगणकावरचे) घ्या, पण चंद्राची दिशा त्याच्या उदयबिंदूवर पाहू नका. विषयाच्या माथ्याएवढ्या उंचीवर चंद्र असताना पाहा. मग दिवसा त्या जागी प्रत्यक्ष जा. नकाशावर विजेच्या तारा दिसत नाहीत, मध्येच वाढलेली निलगिरीची रांग दिसत नाही आणि गेल्या वर्षात उभी राहिलेली इमारतही दिसत नाही.

पाहणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आडवे सरकायला मोकळी जागा आहे का. चंद्राच्या रुंदीएवढी दिशा चुकली तर ती सुधारण्यासाठी विषयापासूनच्या अंतराचा एकशेदहावा भाग आडवे चालावे लागते. दोन किलोमीटरवर ते सुमारे अठरा मीटर होते, दहा किलोमीटरवर नव्वद मीटर. म्हणून एकट्या टेकाडापेक्षा लांब बांध, कालव्याचा काठ किंवा आडवा जाणारा कच्चा रस्ता अधिक उपयोगी. शेतातून चालावे लागणार असेल तर शेतमालकाला आदल्या दिवशी भेटून विचारावे; पहाटे पाच वाजता रानात दिवे घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसांकडे कोणीही संशयानेच पाहील आणि ते योग्यच आहे.

*सावधान :* फोनमधील होकायंत्रावर विसंबू नका. लोखंडी ट्रायपॉड किंवा गाडी जवळ असली तरी त्याची सुई पाच-दहा अंशांनी चुकते आणि आपला सगळा खेळ अर्ध्या अंशाचा आहे. दिशा नेहमी नकाशावरील दोन ओळखीच्या खुणा जोडून घ्यावी.

टप्पा ६ : आता लेन्स

अंतर ठरले, आता चौकट ठरवा. आपल्याला गडाचा किती भाग हवा आहे, याचा विचार करून टप्पा २ मधील हिशेबाने फोकल लेंग्थ काढा. हातात ३०० मि.मी.च असेल आणि अंतर तीन किलोमीटर असेल तरीही छायाचित्र होते. प्रमाण तेच राहते, फक्त नंतर कापावे लागते आणि पिक्सेल कमी मिळतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३०० मि.मी.च्या लेन्सने चंद्राच्या व्यासावर साधारण साडेचारशे पिक्सेल येतात. पडद्यावर दाखवायला ते पुरतात, भिंतीवर मोठी प्रत लावायला पुरत नाहीत. लेन्सची फोकल लेंग्थ वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप (म्हणजे निम्मा) आणि २ पटीचा दोन स्टॉप (म्हणजे तीन-चतुर्थांश) उजेड खातो. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात हा तोटा आधीच मोजावा.

फोनच्या मुख्य लेन्सने हे काम होत नाही. काही फोनमधील सॉफ्टवेअर चंद्र ओळखून त्यावर स्वतःच बारकावे चढवते. तसे छायाचित्र हिशेब पडताळण्यासाठीही धरू नये.

ट्रायपॉड भक्कम हवा, त्याची मधली दांडी वर काढू नये आणि वारा असेल तर लेन्सचे हूड काढून ठेवलेले बरे.

टप्पा ७ : फोकसची खोली

‘दोन्ही गोष्टी लांबच आहेत, म्हणजे दोन्ही स्पष्ट येतील’ हे गृहीत धरणे ही अनुभवी लोकांचीही चूक आहे. फुल फ्रेमवर ४०० मि.मी. आणि एफ/८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र लहान) असताना हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केला तर त्यापुढचे सगळे स्पष्ट येते ते अंतर, सुमारे ६७० मीटर भरते, ६०० मि.मी.ला ते दीड किलोमीटर होते. विषय याहून दूर असेल तर काळजी नाही. पण १९० मीटरवरचा माणूस आणि चंद्र ६०० मि.मी.ने एफ/८ वर एकत्र टिपायला गेलात, तर माणसावर फोकस केल्यावर चंद्राची कड पाव मिलिमीटरभर पसरते आणि मूळ चंद्रच साडेपाच मिलिमीटरचा असल्यामुळे तो पिंजल्यासारखा दिसतो. एफ/११ ने थोडे सुधारते. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच मऊ पडू लागते. खरा उपाय म्हणजे माणसाला चारशे-पाचशे मीटरवर उभे करणे. चंद्र त्याच्याहून दुपटीपेक्षा मोठा दिसेल, हे मान्य असायला हवे.

फोकस ऑटोवर सोडू नये. उजेड असतानाच लाइव्ह व्ह्यूमध्ये विषयाची कड मोठी करून हाताने फोकस करा आणि चंद्र वर आल्यावर त्याच्या कडेवर पुन्हा एकदा तपासा.

टप्पा ८ : एक्स्पोजर

चंद्र रात्री दिसतो म्हणून लोक त्याला रात्रीची वस्तू समजतात. वस्तुतः तो उन्हात असलेला खडक आहे. स्वच्छ आकाशात उंच आलेल्या पौर्णिमेच्या चंद्रासाठी जुना आणि भरवशाचा ठोकताळा असा : अ‍ॅपर्चर एफ/११ आणि शटर आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याचा व्यस्त, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. अर्ध्या चंद्राला याहून सुमारे दोन स्टॉप अधिक उजेड लागतो.

क्षितिजाजवळ मात्र हा ठोकताळा चालत नाही. तिथे चंद्रप्रकाश जाड, धुळीच्या हवेतून येतो आणि चंद्र कित्येक स्टॉपनी मंद व तांबूस होतो. त्याचा किती उजेड गळतो हे त्या दिवसाच्या हवेवर असते, म्हणून तयार आकडा देण्यात अर्थ नाही. आयएसओ ४००, एफ/८ आणि १/६० सेकंदापासून सुरुवात करून हिस्टोग्रामकडे (कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाकडे) पाहावे आणि चंद्राचा पांढरा भाग उजव्या कडेला चिकटणार नाही इतपत ठेवावे. चंद्र चढत जाईल तसा उजळत जातो आणि त्याच वेळी जमीन काळोखी होत जाते. दर दोन मिनिटांनी आकडे बदलावे लागतात.

शटर लांबवण्यालाही मर्यादा आहे. आकाश सेकंदाला १५ विकला (एक अंश म्हणजे ३,६०० विकला) सरकते. ६०० मि.मी.च्या लेन्सखाली ते सेन्सरवर सेकंदाला सुमारे ०.०४४ मिलिमीटर होते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर सात पिक्सेल. एक पिक्सेलही पुसट होऊ नये अशी इच्छा असेल तर १/१० सेकंदाच्या आत राहायला हवे आणि ट्रायपॉडचे हेलकावे धरले तर १/६० च्या खाली न जाणे शहाणपणाचे. आयएसओ वाढवावा लागला तर वाढवावा. दाणे कमी करता येतात, हललेला चंद्र दुरुस्त होत नाही.

छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्या आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ‘डेलाइट’वर कायम ठेवा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा चंद्राचा तांबूसपणा काढून टाकतो आणि प्रत्येक चौकटीचा रंग निराळा येतो.

टप्पा ९ : प्रत्यक्ष वेळी

निदान पाऊण तास आधी पोहोचा. चौकट बांधा, फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट लावा आणि ट्रायपॉडवर लेन्सचे स्थिरीकरण बंद ठेवून व चालू ठेवून एकेक चाचणी घ्या. लेन्सागणिक उत्तर वेगळे येते.

चंद्र आपल्या रुंदीएवढे अंतर सुमारे दोन मिनिटांत कापतो. म्हणजे तो अपेक्षित जागी आला नाही तर विचाराला वेळ नसतो आणि याच घाईत लोक चुकीच्या बाजूला धावतात. नियम आधीच पाठ करून ठेवा : चंद्र मनोऱ्याच्या डावीकडे दिसत असेल तर आपण उजवीकडे सरकायचे, उजवीकडे असेल तर डावीकडे. आपण उजवीकडे गेलो की जवळचा मनोरा चंद्राच्या मानाने डावीकडे जातो आणि त्याच्याशी जुळतो. किती सरकायचे ते टप्पा ५ मध्ये आलेच आहे. सरकताना ट्रायपॉड मिटू नये, तसाच उचलून न्यावा.

हवा तापलेली असेल तर चंद्राची कड उकळल्यासारखी थरथरताना दिसेल. दिवसभर तापलेल्या डांबरी रस्त्यावरून, पत्र्याच्या छपरांवरून किंवा खडकावरून दृष्टी जात असेल तर हे हमखास होते आणि अंतर वाढवले की वाढते. याला लेन्सचा दोष समजून फोकस फिरवत बसू नये. अशा वेळी एकापाठोपाठ दहा-बारा चौकटी घ्याव्यात. त्यांतली एखादी शांत क्षणाची निघते. पहाटेची हवा संध्याकाळपेक्षा बहुधा शांत असते, म्हणून फार लांबून टिपायचे असेल तर मी चंद्रोदयापेक्षा चंद्रास्ताला प्राधान्य द्यायला सांगेन, झोपमोड झाली तरी.

*तपासणी :* जागा सोडण्यापूर्वी एक छायाचित्र पूर्ण मोठे करून पाहा. चंद्रावरचे गडद डाग वेगळे दिसत आहेत का आणि विषयाची कड धारदार आहे का, एवढे दोन प्रश्न पुरेत.

टप्पा १० : घरी आल्यावर

संगणकावर चंद्राचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा आणि विषयाची उंचीही मोजा. दोघांचे प्रमाण टप्पा २ मधील हिशेबाशी पाच-सात टक्क्यांच्या आत जुळले पाहिजे. तेवढा फरक चंद्राच्या बदलत्या अंतरामुळे पडतो. त्याहून अधिक असेल तर अंतर किंवा उंची चुकीची धरली गेली होती. एखादे छायाचित्र खरे की जोडलेले, हा वादही याच मोजमापाने पुष्कळसा सुटतो. विषयाची खरी उंची आणि छायाचित्रकाराची जागा ठाऊक असेल तर चंद्र किती मोठा यायला हवा हे ठरलेले असते. ज्यांनी दोन छायाचित्रे जोडली असतील त्यांनी तसे लिहावे, एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

छायाचित्रासोबत उभे राहण्याचे नेमके ठिकाण, चंद्र जुळला ती वेळ आणि किती मीटर कोणत्या बाजूला सरकावे लागले याची नोंद करा. चंद्र सुमारे २७.३ दिवसांनी जवळपास त्याच दिशेला पुन्हा उगवतो, पण तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर असते आणि तो भर उजेडात वर येतो. तीच पौर्णिमा पुढच्या वर्षी, मध्ये अधिक मास नसल्यास, सुमारे अकरा दिवस आधी येते. मार्गशीर्ष-पौषात दिशा थोडीच बदलते, अश्विन-कार्तिकात ती काही अंशांनी सरकते. म्हणून त्याच जागेवर पुन्हा जायचे असेल तर टप्पा ३ पासून नव्याने हिशेब मांडावा आणि मागच्या नोंदीतून फक्त आडव्या सरकण्याचा अंदाज घ्यावा.